टँगोच्या संध्याकाळी विचारायचं कसं, नाही म्हणायचं कसं? (बडोदं)

दांडियाबाजारची_लेक

नवरात्र संपलं, दिवाळीची धांदल अजून सुरू व्हायचीय, तेवढ्यात हा विषय मांडते. अलकापुरीत एका मैत्रिणीच्या घरी आम्ही काहीजण शनिवारी संध्याकाळी टँगो नाचतो. मी बर्लिनला नोकरीत असताना शिकले, दोघंतिघं पुण्या-मुंबईच्या कार्यशाळा करून आलेत, बाकीचे इथेच शिकले. आता ओळखीच्या ओळखीतून नवीन माणसं यायला लागलीत आणि एक प्रश्न रोज छळतोय. नाचायला विचारायचं कसं, नको असेल तर सांगायचं कसं, आणि दोन माणसं एकमेकांना आवडू लागली तर ते कुठवर चालू द्यायचं?

टँगो हा अर्जेंटिनातला जोडीने नाचायचा नाच; ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी तिथल्या ब्युनॉस आयर्स शहराची रीत आधी सांगते. तिथे या बैठकीला मिलोंगा म्हणतात. संगीत सलग वाजत नाही. बहुधा एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी एकापाठोपाठ लागतात, हा झाला तांदा. मग मध्येच भलत्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, त्याला कोर्तिना म्हणतात. तो वाजला की सगळे आपापल्या जागी परत. जोडी जमते ती एका तांद्यापुरती. पुढचा तांदा सुरू झाला की लोक बसल्या जागेवरूनच एकमेकांकडे बघतात. समोरून नजर मिळाली तर मान जराशी हलवायची, तिकडूनही मान हलली की ठरलं. मग पुरुष उठून तिच्यापर्यंत चालत जातो. तो अगदी समोर येईपर्यंत ती उठत नाही, कारण खूण शेजारणीला केलेली असू शकते. याला कॅबेसेओ म्हणतात. नाचायचं नसेल तर नजर दुसरीकडे न्यायची, बस. कुणी काही बोललं नाही, चारचौघांनी काही पाहिलं नाही.

मला ही रीत मनापासून पटते. आपल्याकडे बाईने ‘नको’ म्हटलं की लगेच ‘का?’ येतं. कारण दिलं की त्या कारणावर चर्चा. पाय दुखतोय म्हटलं तर ‘हळू नाचू’, दमलेय म्हटलं तर ‘एकच गाणं’. कॅबेसेओत कारण द्यायची वेळच येत नाही, आणि विचारणाऱ्याचंही तोंड पडत नाही.

पण आमची खोली लहान. एक गृहस्थ आहेत, माणूस सज्जन, मनात काही वाईट नाही, पण ते थेट समोर येऊन हात पुढे करतात. सगळे बघत असताना त्या मुलीने काय करायचं? उद्या त्यांच्या घरची माणसं खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटणार. ती उठते आणि नाचते. तीन गाणी तिचे खांदे आखडलेले असतात, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. टँगो एकमेकांच्या मिठीत नाचतात आणि ती मिठी खरी असावी लागते, भिडेखातर दिलेल्या मिठीत नाच होत नाही.

तुमचे अनुभव लिहा. गरब्याचेही चालतील, किंबहुना हवेच आहेत.

रावपुरा_टॉवर

चांगला विषय. टँगोतलं मला कळत नाही, गरब्यातलं सांगतो. आपल्या गरब्याला मुळात जोडीदार लागत नाही. मध्ये अंबेचा फोटो किंवा गरबो (दिवा ठेवलेला छिद्रांचा घट), भोवती रिंगण, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने. बे ताळी, त्रण ताळी, हींच, यातला कुठलाही प्रकार चालू असो, कुणाची परवानगी न घेता शिरायचं आणि दमलं की बाहेर पडायचं. आवडती व्यक्ती दोन रिंगणं आत असेल तर आपलं रिंगण फिरत फिरत तिच्यासमोर येतं, क्षणभर दिसते, पुढे जाते. आमच्या तरुणपणी पोळीतल्या (म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतल्या) गरब्यात एवढ्यावरच सगळं चालायचं. पुढच्या फेरीला तिने परत बघितलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या वहिनीशी बोलायचं धाडस यायचं. नाही बघितलं तर विषय संपला. तुम्ही म्हणताय ते कॅबेसेओ यापेक्षा फार वेगळं नसावं.

दांडियाबाजारची_लेक

काका, अगदी बरोबर. आणि एक गंमत बघा, टँगोची रोंदा म्हणजे जोड्यांचं रिंगणही घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरतं. पुढच्या जोडीला ओलांडायचं नाही, मधे घुसायचं नाही. गरब्यात वाढलेल्या बडोदेकराला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे नवीन आलेले लोक पावलं चुकतात, पण रिंगण मोडत नाहीत.

मकरपुरा_शिफ्ट

मी या गटात येतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. मला चष्मा आहे, नंबर मोठा आहे, आणि तुम्ही लोक वातावरणासाठी दिवे मंद करता. समोरची माझ्याकडे बघतेय की माझ्या मागच्या खिडकीकडे, हे मला खरोखर दिसत नाही. मी पहिले दोन महिने जवळजवळ बसूनच काढले. मला वाटायचं मला कुणी पसंत करत नाही. नंतर कळलं की इथे नजरेचा काही नियम आहे, आणि तो कुणी मला सांगितलाच नव्हता.

ज्यांना नियम ठाऊक आहेत ते आपापसांत नाचतात, नवीन माणूस भिंतीला टेकून राहतो. हात पुढे करणाऱ्या काकांना दोष देण्याआधी त्यांना कुणी नीट समजावलं का, ते सांगा. माझ्या मते तोंडाने विचारण्यात काही गैर नाही. ‘पुढचा तांदा माझ्याबरोबर नाचाल का?’ हे सभ्य वाक्य आहे. आणि ‘आत्ता नको’ हेही सभ्यच आहे. सवय ‘आत्ता नको’ ऐकून घ्यायची लावायला हवी.

फतेगंज_कट्टा

+१ शेवटच्या वाक्याला.

पण ताई, नजरेबद्दल माझा मोठाच आक्षेप आहे. बडोद्यात वाढलेल्या मुलीला लहानपणापासून एकच शिकवतात, अनोळखी पुरुषाच्या डोळ्यांत बघायचं नाही. बघितलंस तर त्याचा अर्थ तो लावणार. मैदानावरच्या गरब्यात मी दरवर्षी नाचते, तिथे पासवाल्या गर्दीत कडेला उभे राहून नुसतं टक लावणारे असतात. काही मोबाईल वर धरून असतात. बडोदा पोलिसांची शी टीम, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीचं पथक, साध्या वेशात, चणियाचोळीतसुद्धा, मैदानावर फिरते ती काही उगाच नाही. तुमच्या ब्युनॉस आयर्सला नजर हे निमंत्रण असेल, आमच्याकडे तिचा त्रास असतो. आता तुम्ही म्हणता की मी आपणहून नजर द्यायची. मला ते जमेल का, माहीत नाही. आणि मी दिली तर समोरचा ‘नाचायचंय’ एवढंच समजेल याची खात्री कोण देणार?

दांडियाबाजारची_लेक

दोघांचं म्हणणं मनावर घेतलंय. आधी फतेगंजला उत्तर देते, कारण तोच खरा गाभा आहे.

टक लावणं आणि कॅबेसेओ यांत फरक आहे तो वेळेचा आणि माघारीचा. कॅबेसेओची वेळ ठरलेली असते, कोर्तिनापासून नव्या तांद्याच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीपर्यंत. एरवी कुणी कुणाकडे रोखून बघत नाही. नजर गेली, परत आली नाही, की ती लगेच काढून घ्यायची. एकदा वळवलेल्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा डोळे लावणारा माणूस मिलोंगेत असभ्यच ठरतो, त्याच्याशी नाचायला कुणी उभं राहत नाही. शिवाय सुरुवात दोन्ही बाजूंनी होते. बाई हव्या त्या माणसाकडे बघते, तेव्हाच त्याला मान हलवता येते. म्हणजे पहिली निवड तिचीही असते. मला बर्लिनमध्ये पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा फार मोकळं वाटलं होतं. डोळे खाली घालून बसण्यापेक्षा वर करून निवडणं, आणि नको त्याच्यावरून सहज पुढे नेणं.

पण यासाठी खोलीतल्या प्रत्येकाला तो अर्थ ठाऊक असायला हवा, हे तुझं खरं. एकालाही माहीत नसेल तर तुझी भीती रास्त आहे. म्हणून पहिल्या दिवशी, पहिलं पाऊल शिकवण्याआधी, हे शिकवायचं असं मी सुचवणार आहे.

मकरपुरा, दिव्यांचं एकदम मान्य. जुन्या पद्धतीच्या मिलोंग्यांत उजेड चांगला असतो, त्याचं कारणच हे. काळोखात मान हललेली दिसत नाही. पुढच्या शनिवारी ट्यूबलाइट लावू.

मांडवीची_आजी

माझी भाची मला ओढून घेऊन गेली होती तुमच्याकडे, तीच मी. सुरुवातीला नुसती बघायला आले, मग मलाही शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

आता जे लिहिते ते राग म्हणून घेऊ नका. नजरेने निवडायचं म्हटलं की नजर कुणावर जाते? तरुण, सडपातळ, छान नाचणाऱ्या मुलींवर. माझ्या वयाच्या, जाड, विधवा बाईवर ती थांबत नाही. तुम्ही सगळे मला आजी, काकू म्हणून मान देता, पाणी आणून देता, खुर्ची देता. नाचायला कुणी बघत नाही. मी घरून निघताना साडी बदलते, केस नीट करते, आणि दोन तास दुसऱ्यांच्या पर्सा सांभाळते. भोंडल्यात असं कधी झालं नाही, तिथे हत्तीभोवती सगळ्याच बायका हात धरून फिरायच्या.

नकार कुणाला दिसत नाही म्हणता. खरं आहे. पण जिला रात्रभर कुणी बघितलंच नाही तिचं काय झालं, हेही मग कुणाला दिसत नाही.

मकरपुरा_शिफ्ट

काकू, शनिवारी पहिला तांदा माझ्याबरोबर. चष्मा पुसून येतो, पण तुम्ही तेवढं माझ्याकडे बघा.

मांडवीची_आजी

बघेन. पण दया म्हणून नको रे बाबा. तू छान नाचतोस म्हणून बघेन.

पुणेरी_पाहुणी

काकूंचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. ही तक्रार जगभरातल्या मिलोंग्यांत आहे. बहुतेक ठिकाणी पुढाकार घेऊन नाचणारे कमी आणि साथीने नाचणाऱ्या जास्त, त्यामुळे बऱ्याच बायका बसून असतात. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे बायकांनी पुढाकार घ्यायला शिकणं. पुढाकार घेणारा आणि साथ देणारा या भूमिका आहेत, स्त्री-पुरुष नव्हेत. पुण्यात मी दोन्ही शिकले. आता मला कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि मला स्वतःला वयस्कर बायकांबरोबर नाचायला फार आवडतं, कारण त्या घाई करत नाहीत, संगीत ऐकतात.

ब्युनॉस आयर्सला काही आठवडे राहिले होते, तिथलं प्रेमप्रकरणांचं गणितही सांगते, धागाकर्तीने विचारलंच आहे म्हणून. जुन्या मंडळींत एकाच व्यक्तीबरोबर एक तांदा म्हणजे नाच. रात्रीत दोन झाले तर नाच आवडला. त्यापुढे गेलं की खोली दखल घेते. तांद्यात बोलण्यालाही जागा आहे. दोन गाण्यांच्या मधे, पुढच्या गाण्याचे पहिले सूर वाजत असताना, जोड्या नुसत्या उभ्या राहून गप्पा मारतात, ‘कुठून आलात, कुठे शिकलात’. नाचताना मात्र बोलायचं नाही. तेवढ्या अर्ध्या मिनिटात जे काही गोड बोलायचं ते बोलून घ्यायचं. कुणी ‘कॉफीला येतेस का?’ म्हटलं तर तो नुसत्या कॉफीचा प्रश्न नसतो, आणि हे दोघांनाही माहीत असतं. हसून ‘आज नको’ म्हणायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा नाचायचं, कुणी रुसत नाही.

संगीतावरही असतं. दारिएंझोच्या वाद्यवृंदाच्या वेगवान गाण्यांवर कुणाशीही मजेत नाचता येतं. रात्री उशिरा पुग्लिएसेचा वाद्यवृंद लागला की लोक ठरवून एखाद्याच माणसाला शोधतात. कोण कुणाला पुग्लिएसेला घेतं, यावरून जाणत्यांना पुष्कळ कळतं.

मला वाटतं फ्लर्टिंग टँगोतून काढून टाकायचं म्हणणं चूक आहे. ते आहे म्हणून तर इतके नियम झाले. दहा मिनिटं तुम्ही एका परक्या माणसाच्या छातीला छाती लावून, श्वास ऐकत चालता, आणि तो तांदा संपला की तो तुम्हाला तुमच्या खुर्चीपर्यंत सोडून परत जातो. त्या दहा मिनिटांत कुणाला काही वाटलं तर वाटू दे. बाहेर त्याचा दावा सांगायचा नाही.

फाईनआर्ट्स_ओटा

पुणेरी पाहुणीने भूमिकांचा मुद्दा काढलाच आहे तर विचारतो. मी आणि माझा मित्र एकत्र नाचलो तर तुमच्या शनिवारी चालेल का? इकडे तिकडे विचारायची हिंमत होत नाही, इथे टोपणनावाने विचारतोय.

मी गरबा इथल्या विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स शाखेच्या आवारातच शिकलो. पारंपरिक पदं आणि ज्याला जसं वाटतं तसं तो नाचतो, कुणी कुणाकडे वळून बघत नाही. मैदानावर तसं नसतं.

दांडियाबाजारची_लेक

चालेल. ‘चालेल’पेक्षा जास्त, या. आणि कुणी काही बोललं तर मला सांगा, मी त्यांच्याशी बोलेन.

ब्युनॉस आयर्सला पूर्वी पुरुष आधी पुरुषांबरोबरच सराव करायचे, साथ द्यायला शिकल्यावर मग पुढाकार. तिथल्या नाचाच्या इतिहासातलं हे साधं पान आहे. आणि आपल्या घडियाळी पोळीतल्या अंबामातेच्या देवळात गरबा पुरुषच खेळतात, बायका बघतात. बडोद्याने पुरुषांना एकत्र नाचताना बघितलेलं आहे.

रावपुरा_टॉवर

घडियाळी पोळीतला मीही लहानपणापासून बघत आलोय. वडील तिथे खेळायचे. मुलांनो, जरूर नाचा.

कारेलीबाग_वकील

जरा कोरडं पण गरजेचं. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत नाच, भजनी मंडळ, ट्रेकिंग, सगळीकडे सुरुवात एकसारखी असते. ग्रुपमधून मुलीचा नंबर उचलायचा, रात्री अकराला ‘आज छान दिसत होतीस’ पाठवायचं. तिने उत्तर दिलं नाही की ‘रागावलीस का?’ मग रोज. तिने स्पष्ट नको सांगितल्यावरही हे चालू राहिलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, ऑनलाइन पाठलागही त्यात येतो. तातडीची मदत लागली तर गुजरातमध्ये १८१ अभयम ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

पण तिथवर जाऊ देऊ नका. ग्रुपऐवजी व्हॉट्सॲपची कम्युनिटी करा, तिथे सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. नंबर हवा असेल तर समोरासमोर मागायचा. व्हिडिओ काढायचे तर आधी विचारून, आणि चेहरे दिसणारे असतील तर त्या प्रत्येकाला विचारून.

फतेगंज_कट्टा

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खरं सांगू, मी मागच्या वर्षी दुसऱ्या एका नाचाच्या वर्गातून बाहेर पडले ती नाचामुळे नव्हे, अशा मेसेजांमुळे. चालवणाऱ्यांना सांगितलं तर ‘तो सगळ्यांशीच असा आहे, मनावर घेऊ नकोस’ म्हणाले. मी मनावर घेतलं. मी जायचं बंद केलं, तो अजून जातो.

पुणेरी_पाहुणी

यातलं शेवटचं वाक्य प्रत्येक गट चालवणाऱ्याने वाचावं.

दांडियाबाजारची_लेक

शनिवारी सगळे बसलो आणि या धाग्यावरचं वाचून दाखवलं. दीड तास नाच झालाच नाही, बोलणंच चाललं. जे ठरलं ते लिहिते.

खुर्च्या भिंतीलगत चारही बाजूंनी, मधली जागा मोकळी, उजेड भरपूर. तांदा तीन गाण्यांचा, म्हणजे कुणाशी फार वेळ अडकून पडल्यासारखं होणार नाही. पहिला अर्धा तास कॅबेसेओ नाही, त्या वेळात प्रत्येक गाण्याला जोडीदार बदलायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांशी नाचायचं. हे काकूंमुळे ठरलं. त्यानंतर नजरेने. नवीन माणसाला किंवा ज्याला दिसत नाही त्याला तोंडाने विचारायची मुभा, पण खुर्चीसमोर जाऊन हात पुढे करून नाही, दोन पावलं लांबून. उत्तर ‘आत्ता नको’ आलं तर त्या संध्याकाळी त्या व्यक्तीला पुन्हा विचारायचं नाही. कारण विचारायचं नाही. तांद्याच्या मध्ये काही खटकलं तर ‘आभार’ म्हणून थांबता येईल, मिलोंगेत ‘ग्रासियास’ म्हणतात तसं. मिठी किती जवळची हे साथ देणारा ठरवणार. नाचताना शिकवायचं नाही, यावर काही पुरुष मंडळी नाराज झाली, पण ठरलं ते ठरलं.

नंबर झाकलेत. तक्रार ऐकायला मी आणि पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक जण, दोघं आहोत. तक्रार आली तर ज्याच्याबद्दल आलीय त्याला थांबायला सांगायचं, जिने केली तिला नाही. फतेगंज, हा नियम तुझ्यामुळे लिहिला गेला.

हात पुढे करणाऱ्या गृहस्थांशी मी वेगळं बोलले. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, ‘मला वाटायचं उठून जाणं हा मान आहे.’ आता ते उत्तम कॅबेसेओ करतात आणि त्यांच्याशी नाचायला लोक आपणहून बघतात.

प्रेमाबद्दल नियम केला नाही. दोघांना आवडत असेल तर बाहेर जाऊन चहा प्या.

मांडवीची_आजी

पहिल्या अर्ध्या तासात सहा जणांशी नाचले. त्यानंतर दोघांनी नजरेने विचारलं, त्यातल्या एकाला मी नाही म्हटलं, कारण त्याच्या शर्टाला घामाचा वास येत होता. ऑक्टोबर आहे, जास्तीचा शर्ट आणायला सांगा सगळ्यांना.

दांडियाबाजारची_लेक

सांगते, काकू. आजच सूचनेत टाकते.

फतेगंज_कट्टा

या शनिवारी मी आले तर चालेल का? बहीणही आहे, तिला काहीच येत नाही.

दांडियाबाजारची_लेक

दोघी या. साडेसहाला, नजरेचा सराव आधी करून घेऊ. चामड्याच्या तळव्याच्या चपला असतील तर आणा, रबरी तळव्यावर वळता येत नाही. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते.